एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन (ईएसओ) गेममध्ये नवा सोबती आला तर तुम्हाला कोण हवा? (आणि का?)

रानजाई

सकाळी भाजी घेऊन येताना नाक्यावर घिसाड्यांचं पाल पडलेलं दिसलं. बाप्या सांडशीत लालभडक पातं धरून बसलेला आणि बाई उभ्याने घण घालत होती. पदर कमरेला खोचलेला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, दर घावाला तोंडातून 'हं'. आजोळी पेरणीच्या आधी असंच पाल पडायचं. आजी कुळवाची पास, विळे, खुरपी धार लावायला न्यायची आणि मी तिच्याबरोबर जाऊन बघत बसायचे. तिथून उठायचंच नाही मला.

घरी आले तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये मला अशी सोबतीण हवी, म्हणजे आपल्याबरोबर फिरणारं, लढणारं गेमचंच पात्र. ऑर्क. रॉथगार या ऑर्क जमातीच्या मुलखातल्या गढीतली. तिथे सरदाराच्या बायकांची कामं वाटलेली असतात, कुणी शिकार बघते, कुणी ढाल घेऊन लढते, कुणी भट्टी सांभाळते. त्यातली ही भट्टीवाली. साठीची. नवरा गेला, नव्या सरदाराशी पटलं नाही, घण खांद्यावर टाकून बाहेर पडलेली. मी लोखंडाचा खडक न फोडता पुढे गेले की तिने हाक मारावी, "अगं ते सोडून कुठं चाललीस?"

2021 मध्ये ब्लॅकवुड या नव्या भागाबरोबर बॅस्टियन आणि मिरी हे पहिले सोबती आले तेव्हापासून मी मिरीला घेऊनच फिरते. धाकटा तेव्हा तान्हा होता. माणसांच्या ग्रूपमधून मधेच उठलं की पुढच्यांचा खोळंबा, आणि मिरी बिचारी मी येईपर्यंत उभी असायची. ते उपकार मी विसरणार नाही. पण आता आठ सोबती झाले तरी त्यात ऑर्क नाही, नॉर्ड नाही, बॉस्मर नाही, या जमातींचं कोणीच नाही. आणि केस पिकलेली बाई तर नाहीच.

तुमच्या मनात कोण आहे ते लिहा. का ते लिहिलंत तर जास्त आवडेल.

चकवा

रझुम-दार!!! दुसरं काही बोलायचंच नाही. इतकी वर्षं हा मांजरमाणूस हेर कितीतरी कथांत येतो, गोड बोलतो आणि निघून जातो. एकदा तरी शेवटपर्यंत बरोबर चल ना बाबा.

खडीसाखर

रझला +1. पण त्याला सोबती केला तर राणी आयरेनचं हेरखातं कोण चालवणार?

चकवा

ते त्यांचं ते बघतील.

बारा_बलुती

रानजाई, घिसाडीण वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे वैरागच्या बाजारात अजून येतात. पण आता तयार कोयते स्वस्त मिळतात, त्यामुळे गिऱ्हाईक कमी. त्यांची पोरं शाळेत जातात का हे मी दरवेळी विचारतो. एक मुलगी दहावीला होती यंदा.

गेमबद्दल: मला नॉर्ड पाहिजे. लिरिस टायटनबॉर्न. अर्धी राक्षसाच्या कुळातली, दारातून वाकून येणारी. जेनिफर हेलचा आवाज आहे तिला. कोल्डहार्बरच्या तुरुंगात पहिल्यांदा भेटते तेव्हा मी नवखा होतो, सर्व्हर लांबचा, पिंग, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ, तीनशे मिलिसेकंदांच्या घरात, ढाल वर करेपर्यंत मार बसलेला असायचा. तिने माझ्या पुढं उभं राहून सगळं अंगावर घेतलं. कथा पुढे सरकल्यावर ती गेली आणि मला खरंच एकटं वाटलं.

मोरपंखी

पिंगचं काय केलं मग? मला पण 280 लागतो रात्री

बारा_बलुती

युरोपच्या सर्व्हरवर अकाउंट काढलं. भारतातून अमेरिकेपेक्षा तो बरा पडतो. आणि वायफाय सोडून वायर लाव, निम्मा त्रास तिथंच कमी होतो.

मोरपंखी

वायर हॉलमध्ये, मी माडीवर. बाबांना विचारते भोक पाडू का भिंतीला

सांजवात

मला बॉस्मर हवा आणि तो कथेकरी हवा. व्हॅलेनवुड या त्यांच्या जंगलात 'स्पिनर' असतात ना, गोष्ट सांगता सांगता ती खरीच करून दाखवणारे. तसा एक म्हातारा. तुम्ही ग्राहटवुडमधल्या झाडांखालून चाललात की त्याने तिथली गोष्ट सुरू करावी, मधेच लढाई आली की थांबावं आणि शत्रू पडल्यावर "तर मंडळी, आपण कुठं होतो" म्हणत तिथूनच पुढे न्यावी. आता सोबत्यांची दोन-चार ठरलेली वाक्यं असतात आणि ती पाठ होतात. त्यांना गोष्टी द्या, भरपूर, आणि अपुऱ्या. उरलेली ऐकायला मी रोज येईन.

माझे वडील कीर्तन करायचे. पूर्वरंग, मग मधे नामजप, मग उत्तररंग. आख्यान ऐन रंगात आलं की थांबून झांज वाजवायचे आणि आम्ही पोरं कळवळायचो. आता त्यांना स्वतःला आख्यान आठवत नाही, सुरुवात करतात आणि थबकतात. मी पुढचं वाक्य सांगते, मग चार ओळी छान जातात.

रानजाई

सांजवात, काय लिहिलंस गं. बाबांना नमस्कार सांग.

खारुताई_22

सांजवात ताई 🙏 माझ्या आजोबांचं पण असंच आहे. गाणी मात्र पूर्ण आठवतात त्यांना, भजन लावून बघा.

सांजवात

हो, अभंग येतात सगळे. चाल धरली की शब्द आपोआप येतात त्यांना. थँक्यू.

डाळिंबी_उसळ

बॉस्मर सोबती आणि आमच्या शाकाहारी घरात?? ग्रीन पॅक्टवाले ना ते, पाला तोडायचा नाही, मांसच खायचं. मी गेममध्ये दिवसभर फुलं आणि मक्याची कणसं गोळा करते, तो मला बघून रडेल. मिरीला फुलपाखरं पकडलेली आवडत नाहीत म्हणून मी अल्केमीची, म्हणजे औषधं बनवायची, निम्मी कामं तिला घरी ठेवून करते. सोबत्यांच्या आवडीनिवडी असाव्यात, त्याने जीव येतो, पण नाराजी सांगायची पद्धत हवी. नुसता रॅपोर्ट, म्हणजे मर्जीचा आकडा, खाली जातो. तिने बसून सांगावं की फुलपाखरांचं तुला इतकं का लागतं गं.

टपालपेटी

आमचे अहो आणि मी दोघंच खेळतो. दोन माणसं, दोन सोबती, झाले चार, डंजन (चौघांनी मिळून लढायची गुहा) मोकळं. त्यांचा बॅस्टियन पुढे, माझी इझोबेल मागे हीलिंगला, म्हणजे जखमा भरून काढायला. फंगल ग्रोटो हे डंजन आमचं ठरलेलं, रविवारी दुपारी जेवणं झाली की. इझोबेलला नाइट व्हायचंय, ती सतत तेच बोलते आणि मला ती फार आवडते. माझी भाची स्पर्धा परीक्षा देते, तिची आठवण येते. तशीच सरळ, तशीच हट्टी.

हवं ते असं: जोडीने येणारे सोबती. दोघं भाऊ, किंवा म्हातारा-म्हातारी. एकमेकांशी बोलणारे. आत्ता बॅस्टियन आणि इझोबेल तासभर शेजारी चालतात आणि एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. ते मला बघवत नाही.

चकवा

हे भारी आहे. एकमेकांशी भांडणारे पाहिजेत

टपालपेटी

भांडणारे नकोत हो, ते घरी आहे.

चकवा

😄

दीपमाळ

शत्रूचा मार कुठे पडणार ते दाखवणाऱ्या लाल वर्तुळात उभा न राहणारा सोबती. कोणीही चालेल, कुठल्याही जमातीचा.

बारा_बलुती

दीपमाळ, त्याचे स्किल कसे लावलेत? डावीकडून उजवीकडे तो क्रम पाळतो. पहिल्या खणात हील किंवा ढाल ठेवा, मारायचं ते मागे. अंगावर जाड चिलखत घाला. माझा सोबती शार्प-ॲज-नाइट आता सहसा मरत नाही.

दीपमाळ

अरे वा हे माहीत नव्हतं. आज रात्री करून बघतो. एम्बर ही सोबतीण आहे माझ्याकडे, तिला मी खिसे कापायला घेऊन जातो, लढाईला कमी.

खडीसाखर

एम्बर बरोबर असली की चोरी करताना मजाच येते, ती खूश होते. बॅस्टियनसमोर नाणं उचललं तरी चेहरा पडतो त्याचा. मला दोघंही हवेत, सज्जन पण आणि उनाड पण. नवीन कोणी आलं तर मधलं असावं. पूर्वी चोर होता आणि आता सोडलंय असा. मी कुलूप उघडायला बसले की त्याचे हात शिवशिवावेत.

मध्यमवर्गी_ड्रॅगन

इथे सगळे ईएसओवाले दिसतात. मी जुना गिल्ड वॉर्स या गेमचा माणूस. दरमहा फी नव्हती त्याला, म्हणून परवडायचा. 2006 मध्ये नाइटफॉल हा त्याचा भाग आला आणि त्यात 'हीरो' मिळाले, तुम्ही त्यांना हत्यार द्या, स्किल द्या, झेंडा रोवून जागा दाखवा. आधी तीनच नेता यायचे. 2011 मध्ये सात केले, म्हणजे सगळी टोळी आपलीच. तेव्हापर्यंत माझे खेळणारे मित्र लग्न-नोकरीत पांगले होते. ते सात जण आले आणि मी आणखी कितीतरी वर्षं खेळलो.

त्यामुळे माझी मागणी झेंड्याची. ईएसओच्या सोबत्याला 'इथे थांब' म्हणून जमिनीवर जागा दाखवता आली पाहिजे. दीपमाळ यांचं वर्तुळाचं दुखणं त्याने कायमचं जाईल. वॉरक्राफ्टमध्येही 2024 मध्ये डेल्व्ह या छोट्या मोहिमांत ब्रान ब्राँझबीअर्ड बरोबर यायला लागला, त्याला हीलर कर किंवा लढायला लाव, एकट्याला खेळता येतं. सगळीकडे वारं याच दिशेला आहे आणि ते चांगलं आहे. माणसं मिळत नाहीत म्हणून खेळ सोडायची वेळ कुणावर येऊ नये.

खारुताई_22

काका तुम्ही अजून खेळता का गिल्ड वॉर्स?

मध्यमवर्गी_ड्रॅगन

हो बाळ. सर्व्हर चालू आहेत.

आबोली_वळेसर

पणजीहून. पाऊस इतका की वीज दोनदा गेली हे लिहिताना.

मला गेमच्या मुख्य कथेतला डॅरियन गॉटिए हवा. कोल्डहार्बरमध्ये तो हरवला तेव्हा मी पुढची क्वेस्ट (कामगिरी) घेतलीच नाही बरेच दिवस. 2018 मध्ये समरसेट या नव्या भागात तो परत दिसला आणि मी किंचाळले, घरातले धावत आले. आणि मग पुन्हा गेला! माझी आई ख्रिसमसला बोटीवरून येणाऱ्या मामाची वाट बघायची, सहा महिने बोटीवर आणि मग थोडे दिवस घरी. मामा परत निघाला की ती दोन दिवस बोलायची नाही. डॅरियनचं असंच आहे माझं. त्याला कायमचा घरी आणा आता. माझ्या व्हिव्हेक सिटीतल्या खोलीत पाहुणा म्हणून उभा करीन, जागा ठेवलेली आहे.

टपालपेटी

मामा आता कायमचे आले का हो?

आबोली_वळेसर

आले. आता काजूच्या बागेत असतात. मासे आणायला रोज स्वतः जातात आणि रोज भाव जास्त लावला म्हणून चिडतात.

मोरपंखी

सर कॅडवेलचं नाव कोणीच घेतलं नाही?? डोक्यावर पातेलं घालून फिरणारा! जॉन क्लीजचा आवाज! त्याला सोबती करा, हत्यार म्हणून झारा द्या

खडीसाखर

पातेलं राहिलंच की! तो एकदम योग्य आहे. मेलेला आहे, म्हणजे परत मरायची भीती पण नाही.

मोरपंखी

बाबा हो म्हणाले भोक पाडायला 🎉

निवांत_पाटी

मी कमी लिहितो पण हे लिहायचंय. आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळणाऱ्यांच्या गटात, एक हीलर होत्या. नाव नाही लिहीत. वयाने आमच्यापेक्षा खूप मोठ्या, नोकरीतून निवृत्त. व्हॉइसवर फक्त एक वाक्य असायचं, "पळू नका, माझ्याजवळ या." आम्ही बारा जण ट्रायल या मोठ्या मोहिमेत सैरावैरा व्हायचो आणि त्यांचा आवाज आला की सगळे त्यांच्याभोवती गोळा. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांच्या मुलाने आम्हाला कळवलं, आणि आईला तुमचं फार होतं म्हणाला.

मला हीलर सोबती हवी जी ओरडत नाही. लढाई बिघडली की शांतपणे जवळ बोलावते आणि तिच्याजवळ गेलं की हील जास्त लागतं. एवढंच. गेममध्ये हे करता येण्यासारखं आहे.

रानजाई

निवांत, लिहिलंत ते बरं केलंत. करता येण्यासारखं नक्की आहे. जवळ उभं राहिल्यावर लागणारी हील आधीपासून आहेच, सोबतीला फक्त बोलवायला शिकवायचं.

सांजवात

निवांत 🙏

दीपमाळ

एम्बरच्या पहिल्या खणात ढाल लावली. वर्ल्ड बॉसला, म्हणजे उघड्यावरच्या मोठ्या शत्रूसमोर, पंधरा मिनिटं टिकली!! बारा_बलुती, तुम्हाला साष्टांग.

बारा_बलुती

पंधरा मिनिटं? बॉस कुठला?

दीपमाळ

आम्ही दोघंच होतो म्हणून वेळ लागला. शेवटी एक अनोळखी ऑर्क आला आणि त्याने संपवला.

डाळिंबी_उसळ

अनोळखी ऑर्क ❤️ बघा रानजाई, तुमची मागणी रास्त आहे.

खारुताई_22

मी अजून खेळलेच नाही हा गेम, धागा वाचून घ्यावा वाटतोय. मिरी लगेच मिळते का?

रानजाई

मिरी आणि बॅस्टियन ब्लॅकवुडमध्ये मिळतात, छोटी क्वेस्ट करावी लागते, लगेच होते. सुरुवातीला मिरीच घे. पेट्या उघडताना तिच्यामुळे जास्तीचं काही हाती लागतं, पण तिची मर्जी सांभाळावी लागते. फुलपाखरं सोड.

टपालपेटी

शनिवारी कोणी आहे का? अहोंना सोडून एकदा माणसांबरोबर डंजन करावं म्हणते. युरोप सर्व्हर, रात्री दहा.

निवांत_पाटी

मी येतो. हीलर होऊन येतो.

दीपमाळ

मी पण. एम्बरला घरी ठेवतो.

रानजाई

मला साडेदहा चालेल का? धाकट्याची सोमवारपासून परीक्षा आहे, पाढे म्हणून घ्यायचेत.

टपालपेटी

चालेल की. अकरा केले तरी चालतील.