झेलेंका ऐकायचाय, कुठनं सुरू करू?

सातरस्तावाला:
नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, चर्चच्या क्वायरमध्ये बेस, म्हणजे सगळ्यात खालच्या पट्टीतला आवाज, गातो. परवा प्रॅक्टिसनंतर आमच्या ऑर्गनवाल्या दादांनी मोबाईलवर एक मिसेरेरे, म्हणजे देवाकडं दया मागायचं लॅटिन स्तोत्र, लावलं की ओ, जान दिस्मास झेलेंका, चेक माणूस, १७३८ चं काम. पहिल्या सेकंदापासनं तंतुवाद्यं नुसती धडधडतायत अन् वर सूर एकमेकांना घासत चाललेत, मला वाटलं आत्ताच्या कुठल्या पिक्चरचं म्युझिक आहे. कोण ओ हा? अन् बाखसारखं याचं नाव का नाही होत?

खर्जातला:
बेसवाल्यानं विचारलं हे बेस्ट, कारण हा गडी स्वतः व्हायोलोन वाजवायचा, म्हणजे डबल बेसचा पूर्वज. जन्म बोहेमियातला, १६७९ चा, नोकरी जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दरबारात. गाव लूथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, पण पोलंडची गादी पाहिजे म्हणून तिथला राजा १६९७ ला कॅथलिक झालेला, त्यामुळं दरबाराच्या चर्चला लॅटिन मिसा, म्हणजे कॅथलिक उपासनेची गाणी, लागायच्या. मुख्य संगीतकार हाइनिशेन आजारी असायचा तेव्हा बरंच काम यानंच ओढलं, १७२९ ला तो वारल्यावर याला वाटलं आता आपला नंबर, पण खुर्ची गेली ऑपेरावाल्या हासेकडं. याला पुढं १७३५ मध्ये नुसता चर्च कंपोझरचा किताब. आपल्याकडच्या ऑफिसात चालतं तेच.

ओबोप्रेमी:
बिचारा बिचारा करू नका राव एवढं, जाणकारांना किंमत होती. बाखनं आपल्या थोरल्या पोराला याच्या माग्निफिकातचं, म्हणजे मरियेच्या स्तोत्राचं, शेवटचं आमेन उतरवून घ्यायला लावलं होतं! माझ्या मते खरा झेलेंका ट्रायो सोनाटांमध्येच आहे, म्हणजे नुसत्या वाद्यांच्या छोट्या रचनांत, बहुतेकींत दोन ओबो अन् एक बासून ही फुंकायची वाद्यं, वाजवणाऱ्याला श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही हा माणूस.

सातरस्तावाला:
सोनाटा ऐकतो, पण गाण्याचं सांगा की. आम्ही दहा-बारा जण, ईस्टरच्या आधी काही बसवता येईल का?

खर्जातला:
मिसा व्होतिवाच्या नादाला लागू नका, १७३९ ची, आजारातनं उठल्यावर नवस फेडायला लिहिलेली, तासाभराच्या वरची आहे, ती ऐकायलाच ठेवा. तुम्ही याची १७२२ ची विलापगीतं बघा, बायबलमधल्या शोकगीतांवरची, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यासाठीची. कोरस नाही, एकेकट्या गायकाची आहेत, त्यात बेससाठीपण आहेत. प्रत्येक वचनाआधी येणारी आलेफ, बेथ ही हिब्रू अक्षरंच लांब ताना घेत गायची, मग वचन. ऑर्गनवाल्या दादांना आधी एकच अक्षर वाजवून बघायला सांगा, पट्टी जमली तर पुढं.