आरव्ही-९ए: उतरल्यानंतर कधीकधीच होणारी नोज व्हीलची शिमी

प्रश्न (गॅरेजातले विमान, ओहायो)

नमस्कार. मी मूळचा सांगलीचा असून नोकरीनिमित्त ओहायोत राहतो. सहा वर्षे गॅरेजमध्ये आणि शेवटचे वर्षभर हँगरमध्ये काम करून मी व्हॅन्स या कंपनीच्या किटमधून ‘आरव्ही-९ए’ हे दोन आसनी विमान बांधले. चाचणी उड्डाणांच्या अनिवार्य ४० तासांपैकी ३१ तास आता पूर्ण झाले आहेत.

पहिले वीस तास कोणतीही तक्रार नव्हती. त्यानंतर मात्र विमान उतरल्यावर वेग साधारण ३५ नॉटवरून २५ नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किमी) येत असताना पुढच्या भागात एकाएकी जोरदार थरथर सुरू होते आणि तीन-चार सेकंदांनी आपोआप थांबते. ही शिमी, म्हणजे पुढच्या चाकाचे वेगाने डावीकडे-उजवीकडे हलणे, असावी. या विमानात नोज व्हील (पुढचे चाक) पेडलला जोडलेले नसते, ते खुर्चीच्या चाकासारखे मोकळे फिरते आणि वळण्यासाठी डाव्या-उजव्या ब्रेकचा वापर करावा लागतो. त्यामुळे पायांना काहीच कळत नाही, पण फरशी आणि उपकरणांचे पॅनेल इतके हादरते की आकडे वाचता येत नाहीत. असे प्रत्येक वेळी होत नाही. गेल्या बारा लँडिंगांपैकी चार वेळा झाले, आणि मला सर्वाधिक गोंधळात टाकणारी गोष्ट हीच आहे.

मी टायरचा दाब ३० वरून ३५ पीएसआयवर नेऊन पाहिला आणि चाकाचे संतुलनही तपासले. फरक पडला नाही. शेजारच्या हँगरमधील एका गृहस्थांनी फोर्कचा (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्याचा) नट थरथर थांबेपर्यंत आवळत जाण्याचा सल्ला दिला आहे, पण कारण समजल्याशिवाय नट आवळणे मला पटत नाही. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, आणि हे काही वेळाच का होत असावे?

प्रतिसाद (जुना मिस्त्री, टेक्सास)

नट न आवळता थांबलात हे योग्यच केलेत. किती आवळायचा हे थरथरीवरून ठरवायचे नसते, मोजून ठरवायचे असते.

तुमच्या विमानात फोर्क ज्या खुंटीवर फिरतो तिच्यावर बशीच्या आकाराचे बेलव्हिल वॉशर असतात. नट आवळला की ते दबतात, आणि त्या दाबामुळे फोर्क फिरण्याला जे घर्षण मिळते तेच या चाकाचे एकमेव डँपर (हेलकावे शमवणारे साधन) असते. नव्या विमानात पहिल्या काही तासांत वॉशर बसतात, टेकणाऱ्या पृष्ठभागांवरचा रंग झिजतो आणि नटाला कोणी हात न लावताही हा दाब उतरतो. वीस तास ठीक आणि मग तक्रार, हे तुमचे वर्णन याच्याशी जुळते.

मोजणी अशी करावी. शेपटीकडची दोरी बांधण्याची कडी जमिनीतल्या अँकरला पक्की बांधून नोज व्हील जमिनीपासून दोन बोटे वर उचलावे आणि चाकाचे फेअरिंग (बाहेरचे आवरण) काढून ठेवावे. ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) टोकाला ताणकाटा अडकवून फोर्कच्या काटकोनात, बाजूला, सावकाश ओढावे आणि फोर्क ज्या क्षणी हलतो त्या क्षणीचा आकडा टिपावा. दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा मोजावे. या विमानासाठी हा आकडा सुमारे २२ पौंड, म्हणजे १० किलोग्रॅमच्या आसपास, असावा लागतो. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच प्रमाण मानावा. नटाची खाच आणि कॉटर पिनचे (नट फिरू नये म्हणून घालायच्या पिनचे) भोक जुळत नसेल तर नट मागे सैल करून जुळवू नये. पुढच्या खाचेपर्यंत न्यावे आणि पुन्हा मोजावे.

चाक वर असतानाच टायर वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवून पाहावे. किंचितही टकटक जाणवली तर बेअरिंगवर पुरेसा दाब नाही असे समजावे. पुष्कळ बांधणारे चाक मोकळे फिरावे म्हणून ॲक्सलचा बोल्ट सैल ठेवतात. मग दोन्ही बाजूंचे स्पेसर (चाक आणि फोर्क यांमधल्या नळ्या) चाकाबरोबर फिरू लागतात आणि फोर्कच्या आत चाकाला डोलायला जागा मिळते. फोर्कचे घर्षण अचूक असले तरी ही डोलण्याची जागा शिमीला पुरते. चाक हाताने सहज फिरावे, पण स्पेसर जागच्या जागी राहावेत, इतकाच बोल्ट आवळावा.

शेजाऱ्यांचा सल्ला धोक्याचा का, तेही लिहून ठेवतो. घर्षण फार वाढवले तर टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) फोर्क वळवायला आतल्या बाजूचा ब्रेक जास्त वेळ दाबावा लागतो, ब्रेक तापतात, आणि पुढच्या पायावर (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) नाहक आडवा भार येतो. मोकळ्या नोज व्हीलच्या विमानांत तापलेल्या ब्रेकमुळे आग लागल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

टायरचा दाब मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली मात्र कधीही नेऊ नका. या मालिकेतल्या विमानांत टायर चपटा झाला की फोर्कचे जमिनीपासूनचे अंतर कमी होते, आणि ओबडधोबड गवताच्या पट्टीवर फोर्क जमिनीत रुतून पाय मागे दुमडण्याचा धोका असतो. कंपनीने २००७ मध्ये फोर्कची सुधारित रचना आणली, ती मुख्यतः हे अंतर वाढवण्यासाठीच.

प्रतिसाद (कंपनशास्त्राचा विद्यार्थी, पुणे)

मी विमान बांधलेले नाही. यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि कंपन हा माझा विषय आहे. ‘काही वेळाच का’ या प्रश्नाचे उत्तर मला इथे सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

असंतुलित चाकाची थरथर आणि शिमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असंतुलनात चाकाची प्रत्येक फेरी एक धक्का देते. तुमचा टायर सुमारे ११ इंच व्यासाचा आहे, म्हणजे ३० नॉटला चाक सेकंदाला साडेसतरा फेऱ्या करते. वेग उतरला की धक्केही त्याच प्रमाणात विरळ होतात. शिमीत बाहेरून कोणी धक्के देत नाही. टायर बाजूला लवचिक असल्यामुळे जमिनीवरचा त्याचा स्पर्श चाकाच्या दिशेमागून थोड्या उशिरा येतो, आणि या उशिरामुळे पुढे धावणाऱ्या विमानाची ऊर्जा फोर्कच्या डाव्या-उजव्या हेलकाव्यात शिरते. टायर ताणलेल्या दोरीसारखा मानून या यंत्रणेचे गणित फॉन श्लिप्पे आणि डिट्रिख या जर्मन अभियंत्यांनी १९४१ मध्ये मांडले आणि ते आजही शिकवले जाते.

आता मुद्दा असा की, तुमच्या विमानातले डँपिंग कोरड्या घर्षणाचे आहे. कोरडे घर्षण हेलकाव्यातून जी ऊर्जा काढते ती हेलकाव्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. टायरमधून येणारी ऊर्जा मात्र रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून एका विशिष्ट रुंदीच्या आतला हेलकावा घर्षण सहज मारून टाकते, पण एखाद्या धक्क्याने ती मर्यादा ओलांडली की हेलकावा वाढतच जातो. चाक वाकडे टेकले, धावपट्टीच्या सांध्यावरून गेले किंवा नोज व्हील जरा जोरात खाली पडले, तर तो धक्का मिळतो. अलगद टेकले तर मिळत नाही. घर्षण २२ पौंडांवरून उतरले की ही मर्यादा अरुंद होते आणि पूर्वी निरुपद्रवी असलेला धक्काही पुरेसा ठरू लागतो. तुमची बारांत चार लँडिंगे मला अशीच दिसतात.

खात्री करायची असल्यास टायरच्या बाजूवर खडूची एक रेघ ओढावी आणि धावपट्टीपासून सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या मित्राकडून मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने चित्रण करून घ्यावे. फोर्क डावीकडे-उजवीकडे वळताना दिसला तर ती शिमी. फोर्क सरळ राहून संपूर्ण पाय पुढे-मागे झुलत असेल तर चाकाची गोलाई, संतुलन आणि ब्रेकचा वापर यांकडे पाहावे लागेल.

प्रतिसाद (प्रशिक्षक, बारामती)

आमच्याकडे प्रशिक्षणाला सेसना १७२ आहे. तिचे नोज व्हील पेडलला जोडलेले असून तिला स्वतंत्र शिमी डँपर असतो, त्यामुळे तपासणी वेगळी पडते: डँपरमधले द्रव कमी झालेले असणे, त्यात हवा शिरणे आणि टॉर्क लिंकचे (चाकाच्या पायाचे दोन भाग जोडणाऱ्या कात्रीसारख्या जोडाचे) बुश झिजणे ही तिथली नेहमीची कारणे. नवा डँपर बसवूनही झिजलेले बुश तसेच ठेवल्यामुळे शिमी परत आलेली मी पाहिली आहे. म्हणून वर सांगितलेली टकटक गांभीर्याने घ्यावी, असे मलाही वाटते.

वैमानिकाने काय करावे हे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मुख्य चाके टेकल्यावर स्टिक (विमानाचे नाक वर-खाली करणारा दांडा) मागे ओढून नाक शक्य तितका वेळ वर धरावे आणि वेग पुरेसा उतरल्यावरच नोज व्हील अलगद खाली ठेवावे. शिमी सुरू झालीच तर घाबरून ब्रेक दाबू नये, कारण ब्रेकमुळे भार पुढच्या चाकावर सरकतो. स्टिक पूर्ण मागे घेऊन तो भार कमी करावा. विद्यार्थ्यांना मी हे पहिल्या आठवड्यात सांगतो. मात्र या सवयीमागे यांत्रिक दोष लपवू नये.

मूळ प्रश्नकर्ता (गॅरेजातले विमान, ओहायो)

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी मोजणी केली. ताणकाट्यावर डावीकडे १३ आणि उजवीकडे १४ पौंड आले. बांधणीच्या वेळच्या माझ्या नोंदीत २२ आहेत. नट दोन खाचा पुढे नेल्यावर आकडा २३ पौंडांवर स्थिरावला.

टायर हलवून पाहिल्यावर हलकी टकटक मिळाली. ॲक्सलचा बोल्ट काढल्यावर डाव्या स्पेसरवर गोल चकाकणारा ओरखडा दिसला, म्हणजे तो चाकाबरोबर फिरत होता. बोल्ट मीच सैल ठेवला होता. चाक हलके फिरते याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता, म्हणून ही चूक इथे स्पष्ट नोंदवत आहे. बेअरिंग साफ करून, नवे ग्रीस भरून, स्पेसर फिरणार नाही इतका बोल्ट आवळला. टायरचा दाब ३० वर परत आणला आणि सर्व कामांची लॉगबुकमध्ये नोंद केली.

दोन्ही दुरुस्त्या एकाच दिवशी केल्यामुळे कोणत्या दुरुस्तीने किती फरक पडला हे मला सांगता येणार नाही, आणि याची खंत आहे. रविवारी नऊ लँडिंगे केली. त्यांतली दोन आडव्या वाऱ्यात, चाक थोडे वाकडे टेकून झाली. शिमी एकदाही झाली नाही. मित्राने केलेल्या चित्रणात वाकड्या टेकण्यानंतर फोर्क दोनदा हलून सरळ होताना दिसतो.

प्रतिसाद (जुना मिस्त्री, टेक्सास)

आकडे दिल्याबद्दल आभार. वॉशर अजून थोडे बसतील, तेव्हा आणखी दहा तासांनी पुन्हा ताणकाटा लावा आणि त्या वेळी कॉटर पिन नवी घाला. काढलेली पिन परत वापरू नका.