अनुभव धागा: वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, तिचा निर्णय आणि त्यानंतरची वर्षे

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया करून घेतलेली माणसे आता बहुतेकांच्या ओळखीत निघतात, परंतु त्यांतील अनेकजण ती गोष्ट सख्ख्या नातेवाइकांनाही सांगत नाहीत. कोणी विचारलेच तर पित्ताशयाचे किंवा हर्नियाचे ऑपरेशन झाले असे सांगून विषय संपवतात. परिणामी ज्याच्यापुढे हा निर्णय उभा आहे त्याच्या हाती एक तर जाहिरातींतील ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे लागतात, नाही तर कोणाच्या तरी चुलतभावाचे काय झाले याच्या ऐकीव गोष्टी. मला स्वतःला त्या काळात याहून वेगळे काही हवे होते आणि ते मराठीत कुठे मिळाले नाही, म्हणून हे आवाहन करते आहे.

ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, घरच्या माणसाच्या वेळी जे सोबत राहिले, किंवा ज्यांनी पूर्ण विचारांती ती नाकारली, त्या सर्वांनी लिहावे. कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या कारणाने, पूर्वतयारी काय झाली आणि मुख्य म्हणजे दोन-चार वर्षांनी काय स्थिती आहे, हे यावे. रुग्णालयांची व डॉक्टरांची नावे लिहू नयेत. सुरुवात मी करते.

नाशिक, शिक्षिका (स्लीव्ह)

शस्त्रक्रियेच्या वेळी माझे वय ४४, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ११८ किलो होते, म्हणजे बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती हे सांगणारा आकडा) ४७ च्या वर. गुडघे गेले होते, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि झोपेत श्वास अडकत असल्याने रात्री सी-पॅप या हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा मुखवटा लावावा लागत असे. आहारतज्ज्ञ, उपास, व्यायामशाळा हे सगळे अनेकदा करून झाले होते. पंधरा किलो उतरत आणि वर्षभरात अठरा किलो परत येत. या काळात ‘तोंडावर ताबा ठेव’ हा सल्ला मला घरातल्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांनी दिला. हा केवळ ताब्याचा प्रश्न नाही, वजन उतरले की शरीर भूक वाढवून आणि ऊर्जेचा खर्च कमी करून ते परत मिळवू पाहते, हे मला पहिल्यांदा शल्यचिकित्सकांनी समजावून सांगितले, आणि खरे सांगायचे तर निर्णयाचे अर्धे ओझे तिथेच उतरले.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, आणि नेमका तो भाग निघून जात असल्याने नुसती पोटाची जागाच नव्हे तर भूकही कमी होते. हे परत फिरवता येत नाही. माझ्या पतींनी हाच मुद्दा लावून धरला होता आणि त्यांची भीती रास्त होती. म्हणून आम्ही दोघांनी मिळून दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घेतले.

आधी एंडोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉइड, व्हिटॅमिन्स, हृदयाची आणि फुप्फुसांची तपासणी झाली, शिवाय मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाली. त्यानंतर यकृतातील चरबी व सूज उतरावी म्हणून सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकांचा, मुख्यतः प्रथिनांचा आहार दिला गेला. यकृत मोठे असेल तर दुर्बिणीतून जठरापर्यंत पोचणे अवघड होते, म्हणून हा आहार प्रामाणिकपणे पाळावा असे मी आवर्जून सांगेन.

टाके फारसे दुखले नाहीत. दुखला तो खांदा. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूचा अंश आत राहतो आणि त्याने श्वासपटलाला त्रास झाला की कळ खांद्यात उमटते, हे आधी कोणी सांगितले नव्हते आणि मी हृदयाचे दुखणे समजून घाबरले होते. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्याच संध्याकाळी मला उभे करून चालवले. मग औषधाच्या बाटलीवर येते तेवढ्या टोपणाने पाणी सुरू झाले: ३० मिलिलिटर, तेही घोटाघोटाने. ते टोपण संपायला लागणारा वेळ पाहून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते.

पुढे वरणाचे निवळ पाणी, ताक, मग दाटसर पेज आणि प्रोटीन पावडर, मग मिक्सरमधून काढलेली मुगाची खिचडी, मऊ पनीर, अंडे, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, पण अर्ध्या वाटीचे. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचे. एक घास जास्त झाला की छातीच्या मध्यभागी दडपण येते, तोंडाला पाणी सुटते आणि तो घास फेसासह बाहेर येतो. पोळीने हे विशेष होते, भाकरी ताकात कुस्करून घेतली तर नाही. तिसऱ्या महिन्यानंतर केस मुठीने गळले आणि वर्षअखेरीस पुन्हा आले. आज तीन वर्षांनी वजन ७६ किलो आहे, सी-पॅप सुटले आहे आणि रक्तदाबाची एकच गोळी उरली आहे. पोटावर आणि दंडांवर लोंबणारी कातडी मात्र आहे आणि ती व्यायामाने जात नाही.

कोल्हापूर, व्यापारी (जठराचा बायपास)

माझे कारण वजनापेक्षा मधुमेह हे होते. चौदा वर्षांचा मधुमेह, दिवसाला चार वेळा इन्शुलिन आणि तरीही एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, दहाच्या घरात. बायपासमध्ये जठराचा वरचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा वेगळा करतात आणि लहान आतडे खालून आणून त्याला जोडतात. त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. यातून आतड्यातील संप्रेरकांत असा बदल होतो की वजन उतरण्याआधीच साखर उतरू लागते. मी हे वाचले होते, पण रुग्णालयातून घरी येतानाच इन्शुलिनची मात्रा निम्म्याहून खाली आलेली पाहिल्यावर खरे वाटले. मधुमेह जितका जुना तितकी तो पूर्णपणे मागे हटण्याची शक्यता कमी, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते आणि तसेच झाले: इन्शुलिन बंद आहे, दोन गोळ्या चालू आहेत. मला हे पुरेसे आहे.

पुतण्याच्या लग्नात आग्रहाखातर वाटीभर श्रीखंड घेतले. वीसेक मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा आणि असा थकवा आला की मांडवामागच्या खोलीत आडवे व्हावे लागले. यालाच डम्पिंग म्हणतात: गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरल्यामुळे हे होते. ज्यांना गोडाची सवय सोडायची आहे त्यांना याची मदत होते असे काही म्हणतात. माझे मत असे की ज्याला घरोघरी आग्रहाच्या पंगतीला बसावे लागते त्याने आधी घरच्यांना हे सांगून ठेवावे.

दोन गोष्टी विसरू नयेत. जोडाच्या जागी व्रण (अल्सर) होऊ शकतो, म्हणून तंबाखू कायमची बंद आणि अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेणेही बंद. दुसरी गोष्ट विम्याची. विमा नियामकाने सर्व कंपन्यांसाठी ठरवलेल्या शब्दांनुसार ही शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हायला हवी, वय किमान १८ हवे आणि बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक असून अनियंत्रित टाइप २ मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणे), हृदयविकार यांसारखी व्याधी हवी. शिवाय साधे उपाय निष्फळ ठरलेले असावेत. मागील आहारोपचारांची कागदपत्रे जपून ठेवली नसती तर माझा दावा अडकला असता. डॉक्टरांचे निकष याहून सैल आहेत: २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते बदलले आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून विचार व्हावा असे सांगितले. डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमाही हो म्हणेल असे समजू नये.

पुणे (आधी स्लीव्ह, नंतर बायपास)

मला पूर्वीपासून आम्लपित्ताचा त्रास होता. तरीही एंडोस्कोपी न करता, सर्वांना सरसकट सुचवतात तशी मलाही स्लीव्हच सुचवली गेली. स्लीव्हनंतर जठरातील दाब वाढतो आणि आम्ल वर येण्याचा त्रास बळावू शकतो. मला रात्री तीन उशांवर टेकून झोपावे लागे, आवाज बसू लागला आणि शेवटी अन्ननलिकेला सूज आल्याचे दुसऱ्या रुग्णालयात निघाले. तेथे स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर केले आणि जळजळ थांबली. जी माहिती मला पहिल्या भेटीत मिळायला हवी होती ती दोन शस्त्रक्रियांनंतर मिळाली, याचा राग अजूनही आहे. ज्यांना छातीत जळजळ आहे त्यांनी एंडोस्कोपीचा अहवाल समोर ठेवून बायपासबद्दल विचारावेच.

सोलापूर जिल्हा (वडिलांसाठी लिहीत आहे)

शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झाली आणि उत्तम झाली. गावी परतल्यावर काही आठवड्यांनी वडिलांना उलट्या सुरू झाल्या. ‘ऑपरेशन झालेय, उलटी होणारच’ असे आम्ही सगळेच समजत राहिलो. जवळच्या दवाखान्यात त्यांना ग्लुकोजच्या सलाईन लावल्या. नंतर पायांना मुंग्या येऊ लागल्या, उभे राहिले की तोल जाई आणि एकदा त्यांना एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. शहरातील डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी एका मिनिटात ओळखले: थायमिनची, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाची कमतरता. सतत उलट्या होत असतील तर शरीरातील थायमिनचा साठा काही आठवड्यांतच संपतो, आणि थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. शिरेतून थायमिन दिल्यावर दृष्टी लवकर सुधारली; चाल सुधारायला अनेक महिने लागले आणि डाव्या तळपायाची बधिरता अजून आहे.

तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि ‘उलट्या असल्यास ग्लुकोजआधी थायमिन’ हे वाक्य लिहिलेला कागद डॉक्टरांकडून सहीशिक्क्यानिशी घेऊन पाकिटात ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आम्ही आता तो लॅमिनेट करून ठेवला आहे.

लेस्टर, इंग्लंड

येथे शस्त्रक्रिया एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेमार्फत विनामूल्य झाली, परंतु वाट पाहण्याची तयारी हवी. आधी वजन-व्यवस्थापन केंद्रात आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि वैद्य यांच्या देखरेखीखाली बरेच महिने काढावे लागतात. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी बीएमआयची मर्यादा २.५ ने कमी धरतात. ही गोष्ट मला माहीत होती, पण माझ्या जीपींना (येथील फॅमिली डॉक्टरांना) आठवण करून द्यावी लागली. शस्त्रक्रियेनंतर किमान दोन वर्षे केंद्राची देखरेख असते आणि पुढे दरवर्षी जीपींकडे रक्ततपासणी. मला अडचण आली ती आहाराच्या तक्त्यात: त्यात टर्की, ट्यूना आणि चीज. मी शाकाहारी आहे. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने तूर-मुगाच्या वरणातून पोटात जाणे त्या अर्ध्या वाटीत शक्यच नसते. शेवटी घट्ट दही, पनीर, सोया आणि पावडर यांवर गणित बसवले.

ठाणे (दोन मुलांची आई, बायपास)

माझे लग्न नुकतेच झाले होते आणि पाळी अनियमित होती. वजन उतरू लागताच पाळी नियमित झाली, आणि डॉक्टरांनी आधीच बजावले होते की याच काळात अनपेक्षितपणे दिवस राहतात. १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, आणि बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच असे नसल्याने त्यांवर विसंबू नये. आम्ही तांबी बसवून घेतली. पहिल्या बाळंतपणात ग्लुकोज पाजून करायची साखरेची चाचणी मी नाकारली, कारण तेवढ्या गोडाने डम्पिंग झाले असते. त्याऐवजी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरने नोंदी घेतल्या. स्त्रीरोगतज्ज्ञांना शस्त्रक्रियेची कल्पना नसेल तर ती आपणच द्यावी.

छत्रपती संभाजीनगर (शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय)

माझा बीएमआय ३४, मधुमेह नुकताच निघालेला. सर्व तपासण्या झाल्या होत्या. दरम्यान मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड या साखर आणि वजन उतरवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन भारतात आले आणि मी आधी ते घेऊन पाहायचे ठरवले. वजन उतरते आहे, मळमळ होते. औषध थांबवले की वजन परत वाढू लागते आणि दरमहाचा खर्च कायमचा आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेचा दरवाजा मी बंद केलेला नाही. शस्त्रक्रिया नाकारण्यात धैर्य आणि करण्यात पळवाट असे जे बोलले जाते, ते दोन्ही मला अन्यायाचे वाटते.

नागपूर (स्लीव्ह, आठ वर्षांपूर्वी)

नवी मंडळी वाचत असतील म्हणून पुढचे लिहिते. वजन दीड-दोन वर्षांनी सर्वांत खाली येते, नंतर बहुतेकांचे थोडे वर सरकते. माझे ४८ किलो उतरले होते, त्यांतले ११ परत आले. पाचव्या वर्षी, करोनाच्या काळात, फरसाण आणि बिस्किटे यांचे प्रमाण वाढले. असे कोरडे, हळूहळू विरघळणारे पदार्थ छोट्या पोटातही दिवसभर मावत राहतात. शस्त्रक्रिया झाली त्या केंद्रात परत जायला मी लाजत होते, पण तिथे मला कोणी एका शब्दानेही दोष दिला नाही. आहाराची नोंदवही पुन्हा सुरू केली, व्यायामात वजने उचलणे वाढवले आणि वजन स्थिर झाले.

मात्र या वर्षांत दुर्लक्ष झाले त्याचा खरा फटका वजनात नव्हे, रक्तात दिसला. हिमोग्लोबिन ८ पर्यंत उतरले, बी१२ तळाला गेले. वजन काट्यावर दिसते, हे दिसत नाही. आता लोह, बी१२, डी आणि कॅल्शियम यांची तपासणी ठरलेल्या महिन्यात करून घेते. वर नाशिकच्या ताईंनी गोळ्यांबद्दल लिहिलेले नाही, म्हणून एवढे जोडते: लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर लोह नीट शोषले जात नाही, दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि कॅल्शियम शक्यतो सायट्रेट स्वरूपातले घ्यावे, कारण ते शोषायला जठरातील आम्लाची तितकी गरज पडत नाही. चहाबरोबर लोहाची गोळी घेऊ नये. मी सकाळी लिंबूपाण्याबरोबर लोह आणि दुपारी व रात्री जेवणानंतर कॅल्शियम घेते.