पाऊणपट तिथी आणि रोजच्या येण्याजाण्यातले शोध

मुंबईहून बदली होऊन रत्नागिरीत आलो, त्याला तीन वर्षं झाली. पहिले सहा महिने 'इथे संध्याकाळी सातनंतर करायचं काय?' याच प्रश्नात गेले. भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर रोज ठरलेल्या वेळी फिरायला जायचो, तर कधी लांबच लांब ओली वाळू, कधी पाणी पार सुरूच्या झाडांकडे आलेलं. याला काही हिशोब आहे का, असं मासे विकणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी सुरमईचे तुकडे करता करताच उलट विचारलं, "आज तिथी कुठली?" मी मोबाइल काढला. त्या हसल्या.

हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. तेव्हापासून कॅलेंडरवर सुट्ट्यांच्या आधी तिथी बघतो. बायको म्हणते, कोकणात येऊन भटजी झालास.

तुम्हांला असं काय सापडलं? या धाग्यावर खाली लिहा. किल्ले आणि देवळं नकोत, त्यांच्या पाट्या लागलेल्याच आहेत.

*

मालवण. रापणीचे फोटो काढत उभा होतो. होडीतून अर्धगोल जाळं सोडलेलं, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून दोन टोळ्या ओढत होत्या. एक काका ओरडले, "फोटू मगे काढा, आदी दोरयेक हात लावा!" लावला. दिसतं तेवढं सोपं नाही ते. पाय वाळूत रुततात, सगळ्यांच्या लयीत मागे सरकावं लागतं, आणि आपण मध्येच थांबलो तर मागचा अंगावर येतो. तासाभराने जाळं वर आलं तेव्हा माझे तळवे सोलवटले होते. काकांनी न मागता सात-आठ बांगडे पिशवीत टाकले. हात लावणाऱ्याला कालवणापुरते मासे मिळतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आईने विचारलं, "केवढ्याक घेतलंस?" मी हात दाखवले. फोटो एकही धड आला नाही.

*

दाभोळ-धोपावे फेरीबोट. फेरीबोट नसती तर चिपळूणवरून वळसा. गाडी चढवायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद. पुढची काही मिनिटं मला कोणी कुठे पोचायला सांगू शकत नाही. दिवसभरात एवढीच.

*

आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून वर्षानुवर्षं सायकलने गेलो, आत काय चालतं याचा पत्ता नव्हता. मग कळलं की 1904 मध्ये ती इथे आली, कारण मुंबईत विजेवरच्या ट्राम धावणार होत्या आणि त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडली असती. तेव्हा आमचा जिल्हाही कुलाबाच. म्हणजे कुलाब्याहून कुलाब्याला बदली! मुंबईला वैतागून शनिवार-रविवारी अलिबाग गाठणाऱ्यांनो, तुमच्या आधी लोहचुंबक आलाय.

*

चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे वाचनालय आहे, 1864 सालचं. जुलै 2021 च्या पुराचं पाणी त्यातही शिरलं होतं. पण मी सांगणार आहे शब्दकोड्याबद्दल. निवृत्तीनंतर सकाळी पेपर वाचायला जायला लागलो. माझ्या आधी कोणीतरी येऊन पेन्सिलीने कोडं सोडवून जायचं. (पेपरात लिहू नये, मान्य.) एकदा त्यांचा उभा सातवा शब्द चुकला होता, तो मी खोडून नीट लिहिला. आगाऊपणा झाला असं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर आडवे सगळे शब्द भरलेले आणि ज्या चौकटी फक्त उभ्या शब्दांच्या, त्या मुद्दाम कोऱ्या. गेलं वर्षभर असंच चालू आहे. ते कोण, मला माहीत नाही. लवकर जाऊन बघता येईल, पण जात नाही.

*

मी राहतो मुंबईत, गाव राजापूर, त्यामुळे माझा शोध गाडीतला. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. रेंज जाते, खिडकीबाहेर काळोख, आणि तोवर मोबाइलमध्ये तोंड घातलेला अख्खा डबा बोलायला लागतो. "तुम्ही खंयचे?" इथूनच सुरुवात. एकदा समोरच्या काकी माझ्या आत्येच्या नणंदेच्या जाऊबाई निघाल्या. उजेड येईपर्यंत आमच्या दोन्ही घरांची वाटणी, कोर्टकचेरी, सगळं बोलून झालेलं.

*

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. शेजारणीने दिलेला सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून वर खोबरेल तेलाचे दोन थेंब, सोबत गरम पेज. पावसाळ्याबद्दलची माझी तक्रार मागे घेतली आहे.

*

धागाकर्त्यांना: मावशींनी अर्धंच सांगितलं. भरती सगळेच बघतात, तुम्ही सुकती, म्हणजे ओहोटी बघा. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फार मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सगळ्यात लांब जातं. द्वितीयेची भरती दीडची, म्हणजे सुकती सकाळी सात-साडेसातला. तेव्हा खाडीत तिसऱ्या (खायचे शिंपले) काढायला उतरतो आम्ही. जुने कपडे घाला आणि टोपली आणा.

*

धागाकर्ता: बघितलं. द्वितीया शनिवारी आहे. टोपली नाही, बादली चालेल का?