पी-ई कमी म्हणजे शेअर स्वस्त, हे नवख्याने मानावे का?

नौपाडेकर, ठाणे:
माझ्या भाचीने नुकतेच डीमॅट खाते उघडले असून, व्हॅल्यू शेअर, म्हणजे खऱ्या मूल्यापेक्षा कमी भावात मिळणारे शेअर, कसे ओळखावेत, असे तिने मला विचारले. नवख्याने सुरुवात याच शेअरांपासून करावी, असे माझे मत आहे. कंपनीचे आंतरिक मूल्य (तिच्या धंद्यावरून काढलेली शेअरची खरी किंमत) १०० रुपये भरत असेल आणि शेअर ७० रुपयांना मिळत असेल, तर आपला अंदाज थोडा चुकला तरी नुकसान आवाक्यात राहते. व्हॅल्यू गुंतवणुकीचे जनक बेंजामिन ग्रॅहॅम यांची ‘मार्जिन ऑफ सेफ्टी’, म्हणजे सुरक्षिततेसाठी ठेवलेले अंतर, ती हीच.

वाशीकर:
हे मला मुळीच मान्य नाही. ते १०० रुपये ठरवणार कोण? नवख्याच्या हाती पी-ईचा, म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर वार्षिक नफा, हा आकडा तेवढा असतो आणि तोच त्याला खड्ड्यात घालतो. मी एका धातू कंपनीचा शेअर १२० रुपयांना घेतला, तेव्हा प्रतिशेअर नफा २० रुपये, म्हणजे पी-ई अवघा ६ होता. पुढे धातूचे भाव उतरले, नफा ५ रुपयांवर आला, शेअर ७० रुपयांपर्यंत घसरला आणि पी-ई मात्र १४ झाला. म्हणजे भाव पडूनही शेअर महागच झाला होता. अशा चक्राकार, म्हणजे तेजी-मंदीच्या फेऱ्यांत नफा वर-खाली होणाऱ्या, उद्योगांत पी-ई सर्वांत कमी दिसतो तो बहुधा नफा शिखरावर असताना. नवख्याने निफ्टी ५० चा इंडेक्स फंड, म्हणजे त्या निर्देशांकातील ५० मोठ्या कंपन्यांत पैसे विभागून गुंतवणारा फंड, घ्यावा.

ऐरोलीकर:
मी वाशीकरांच्या बाजूची आहे. बँकेचा शेअर पाहताना पी-ईपेक्षा पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) आणि बुडीत कर्जे पाहावी लागतात, हे समजायलाच मला वर्ष लागले. नोकरी आणि घर सांभाळून एवढा अभ्यास किती जणांना जमेल?

नौपाडेकर, ठाणे:
वाशीकर, आपली चूक शेअर स्वस्त शोधण्यात नव्हती, एकाच वर्षाचा नफा पाहण्यात होती. सात-दहा वर्षांच्या सरासरी नफ्याशी भाव ताडला असता, तर तो स्वस्त वाटलाच नसता. बीएसईच्या संकेतस्थळावर वार्षिक अहवाल विनामूल्य मिळतात. गेल्या रविवारी भाचीने असाच एक अहवाल उघडला. नफा दरवर्षी वाढत होता, परंतु रोख प्रवाहाच्या पत्रकात कामकाजातून येणारी रोकड सलग तीन वर्षे उणे होती आणि ग्राहकांकडील येणी फुगत चालली होती. ‘मामा, नफा आहे तर पैसे कुठे आहेत?’ असे विचारून तिने त्या कंपनीच्या नावावर काट मारली. ऐरोलीकर ताई, हे करायला तिला एक दुपार पुरली.

वाशीकर:
भाचीचा प्रश्न अचूक आहे. तिने प्रवर्तकांचे (कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांचे) किती शेअर गहाण आहेत, हेही तिमाही भागधारणा तक्त्यात पाहावे. तरीही वाईट कंपनी वगळता येणे आणि चांगलीचे मूल्य ठरवता येणे यांत बरेच अंतर आहे, म्हणून तिची मुख्य बचत तूर्त इंडेक्स फंडातच असावी, या मतावर मी ठाम आहे.