0 ते 100 की 40 ते 80? मध्यम क्षमतेच्या मोटरसायकलीचा पिकअप नेमका कुठे मोजावा

सह्यवाट :

गेल्या रविवारी चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात घडलेल्या एका साध्या प्रसंगामुळे हा विषय मांडावासा वाटला. माझ्याकडे रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर 650 आहे आणि सोबतच्या मित्राकडे केटीएम 390 ड्यूक, नव्या 399 सीसी इंजिनाची. दोघांच्याही मागे पत्नी बसलेल्या होत्या. पोफळी सोडल्यावर चढ सुरू झाला आणि पुढे वाळूचा भरलेला ट्रक लागला. वळण संपून थोडा सरळ, मोकळा रस्ता दिसताच मी आहे त्याच चौथ्या गिअरमध्ये मूठ पिळली आणि गाडी शांतपणे ट्रकच्या पुढे निघून गेली. मित्राने दोन गिअर खाली टाकले, इंजिनाचा आवाज चढला, पण तोवर समोरून एसटी दिसू लागली आणि त्याला पुन्हा ट्रकच्या मागे यावे लागले.

कागदावर पाहिले तर त्याची गाडी माझ्यापेक्षा निर्विवाद चपळ आहे. ड्यूकची शक्ती 46 पीएस (अश्वशक्ती) आणि वजन सुमारे 168 किलो. इंटरसेप्टरची शक्ती 47 पीएस, पण वजन 215 किलोच्या पुढे. उभ्या गाडीने ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठण्याची, म्हणजे 0 ते 100 ची, शर्यत लावली तर मी मागे राहीन, हे मान्यच आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की ही शर्यत आपल्या रोजच्या रस्त्यावर होते कुठे? 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावरही दुचाकीला ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे ज्या आकड्यावरून आपण गाडीचा पिकअप ठरवतो, त्याचा शेवटचा पाचवा हिस्सा सार्वजनिक रस्त्यावर वापरण्याजोगा नाही आणि सुरुवातीचा हिस्सा फक्त सिग्नलवर कामाला येतो.

खरा पिकअप 40 ते 80 मध्ये, आहे त्या गिअरमध्ये, मागे माणूस बसलेला असताना मोजावा, असे माझे ठाम मत आहे. इंटरसेप्टरचा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, 52 एनएम (न्यूटन-मीटर) आहे आणि त्याचा 80 टक्के भाग 2500 आरपीएमपासूनच (मिनिटाला इंजिनाचे फेरे) मिळतो, असे कंपनी सांगते. हा आकडा साधारण 41 ते 42 एनएम होतो. ड्यूकचा कमाल टॉर्कच 39 एनएम आहे आणि तो मिळवण्यासाठी 6500 आरपीएमपर्यंत जावे लागते. आपले मत काय?

चाकणकर :

सह्यवाट साहेब, आपला अनुभव खरा असेल, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मी गेली 10 वर्षे 390 चालवतो, आधी जुनी 373 सीसीची आणि आता नवी, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट टॉर्कची. इंजिनाचा टॉर्क थेट चाकाला मिळत नाही. मध्ये गिअर आणि साखळी असते आणि तिथे तो कितीतरी पट वाढतो. जास्त आरपीएमपर्यंत फिरणाऱ्या इंजिनाला त्याच वेगाला अधिक छोटा गिअर वापरता येतो, म्हणून चाकावर अखेर किती ओढ मिळेल हे त्या क्षणी इंजिन किती शक्ती देत आहे त्यावर ठरते, आणि शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. आपले 42 एनएम 2500 आरपीएमला धरले तर हिशेब जेमतेम 15 पीएसचा होतो. ड्यूकचे 39 एनएम 6500 आरपीएमला धरले तर तोच हिशेब 36 पीएसवर जातो. त्या घाटात आपल्या मित्राच्या मुठीत आपल्यापेक्षा अधिक शक्ती उपलब्ध होती; त्यांनी ती उशिरा मागितली.

इथेच दुसरी गोष्ट येते, ती चालवण्याच्या पद्धतीची. एक सिलिंडरचे, वरच्या फेऱ्यांसाठी बेतलेले इंजिन चौथ्या गिअरमध्ये 3000 आरपीएमवर ठेवून ट्रकमागे रेंगाळायचे नसते. वळणात शिरण्यापूर्वीच गिअर खाली टाकून इंजिन 5000 च्या आसपास जिवंत ठेवायचे असते. मग रस्ता मोकळा दिसला की फक्त मूठ पिळायची. गिअर हा गाडीचाच भाग आहे. तो वापरायचाच नाही अशी अट घालून केलेली तुलना म्हणजे पैलवानाचा एक हात बांधून कुस्ती लावण्यासारखे आहे. नव्या ड्यूकला क्विकशिफ्टर आहे, त्यामुळे क्लच न दाबताही गिअर वर-खाली होतात.

सह्यवाट :

चाकणकर साहेब, शक्तीचा हिशेब आपण दुरुस्त केलात, तो मान्य. टॉर्कची थेट तुलना मी करायला नको होती.

परंतु रस्त्यावर वेळेचाही हिशेब असतो. आमचा वेग ताशी 40 आणि समोरच्या एसटीचा 60 धरला, तर दोन्ही वाहने एकमेकांकडे ताशी 100 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटरने येत असतात. दोन गिअर खाली टाकायला अर्धा सेकंद गेला तरी 14 मीटर मोकळा रस्ता गमावला. शिवाय मागच्या माणसाचा विचार करावा. छोट्या गिअरमध्ये चढ्या फेऱ्यांवर मूठ उघडली की गाडी झटका देते आणि मागच्याचे हेल्मेट आपल्या हेल्मेटवर टक्क करून आपटते. माझी पत्नी त्या टक्क आवाजावरूनच माझ्या चालवण्याची परीक्षा करते. इंटरसेप्टरवर पोफळीपासून हेळवाकपर्यंत तो आवाज दोनदा आला असेल. मित्राच्या पत्नीने वर चहाला थांबल्यावर खांदे चोळत सांगितले की आता पुढे थोडे सावकाश घ्या. हा पिकअपचाच भाग नाही का?

चाकणकर :

नाही. तो मुठीचा भाग आहे. आणि आपले 14 मीटर तेव्हाच गमावले जातात जेव्हा गिअर बदलण्याचे काम रस्ता मोकळा झाल्यावर सुरू होते. तयारी आधी झाली असेल तर तो अर्धा सेकंद हिशेबातच येत नाही.

पावसाळी वाट :

आपणा दोघांच्या चर्चेत मधली गाडी सुटते आहे, म्हणून लिहिते. माझ्याकडे ट्रायम्फ स्पीड 400 आहे. 40 पीएस, 37.5 एनएम, वजन 176 किलो. सह्यवाट दादा वारंवार मागे बसलेल्या माणसाचा उल्लेख करतात, तेव्हा मी वही घेऊन तिन्ही गाड्यांचा हिशेब मांडला. माणशी 75 किलो धरले आहे.

नुसत्या गाडीचा विचार केला तर टनामागे ड्यूकची शक्ती 274 पीएस, माझ्या गाडीची 227 आणि इंटरसेप्टरची 216 पडते. एक माणूस बसला की हेच आकडे 189, 159 आणि 160 होतात, म्हणजे माझी आघाडी तिथेच संपली. दोन माणसे बसली की 145, 123 आणि 128. हलक्या गाडीला माणसाचे वजन अधिक भोवते आणि जड गाडी ते त्या मानाने पचवते, हे यातून उघड दिसते. मात्र ड्यूक दोन माणसे घेऊनही पुढेच राहते, हेही दादांनी लक्षात घ्यावे.

आता माझा खरा आक्षेप. आपण दोघेही गाडीला पुढे ढकलणाऱ्या बळाविषयी बोलत आहात. ते बळ रस्त्यावर उतरते कसे, याविषयी कोणीच बोललेले नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. जुलैमध्ये ताम्हिणीत वळणावर शेवाळलेली कड, त्यावर पडलेली पाने आणि पाण्याचा पाट अशा जागी मूठ उघडताना मला 46 की 40 हा प्रश्न पडत नाही. मला एवढेच हवे असते की मूठ एक रेष फिरवली तर गाडीने एक रेषच पुढे सरकावे. चाकाने घसरण्याची चाहूल देताच ट्रॅक्शन कंट्रोलने शक्ती कमी करावी, ही सोय माझ्या गाडीत आहे आणि ड्यूकमध्येही आहे, इंटरसेप्टरमध्ये नाही. तिथे सगळी जबाबदारी उजव्या मनगटाची. 215 किलोची गाडी ओल्या वळणावर कलली की ती सावरायला माझ्यासारखीला पाय टेकवून भागत नाही, हे मी मैत्रिणीची तीच गाडी चालवताना अनुभवले आहे. 40 ते 80 हा कस मला मान्य आहे, पण तो कोरड्या रस्त्यापुरताच लावून भागणार नाही. आपल्याकडे वर्षाचे चार महिने रस्ता ओला असतो.

सह्यवाट :

ताई, वजनाचा हिशेब फार उपयोगी दिला, आभार. ट्रॅक्शन कंट्रोलबाबत एक नोंदवतो. इंटरसेप्टरच्या दोन्ही सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, कारण तिचा क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा दांडा) 270 अंशांचा आहे. त्यामुळे मागच्या चाकाची पकड मुठीला अधिक स्पष्ट जाणवते, असा माझा अनुभव आहे. तो इलेक्ट्रॉनिक्सला पर्याय आहे असे मी म्हणणार नाही. पावसात मी स्वतः एक गिअर वरचाच ठेवतो, म्हणजे मूठ थोडी जास्त फिरली तरी चाकावर ओढ एकदम येत नाही. चाकणकर साहेबांच्या पद्धतीत, 5000 आरपीएमवर छोट्या गिअरमध्ये, हीच चूक किती महागात पडेल, याचा विचार व्हावा.

चाकणकर :

हा मुद्दा मी खुल्या मनाने स्वीकारतो. ओल्या घाटात मीही एक गिअर वर चालवतो आणि रेन मोड (पावसासाठीची सौम्य सेटिंग) लावतो. पण त्यातून आपले मूळ विधान सिद्ध होत नाही. परिस्थिती पाहून गिअर निवडता येणे म्हणजेच चालवणे. ज्या इंजिनाला गिअरची फारशी गरज पडत नाही, त्यावर ही सवय लागतच नाही, असे मी माझ्या गटातल्या अनेक तरुणांत पाहिले आहे. उतारावर ते चौथ्या-पाचव्या गिअरमध्येच उतरतात आणि सगळा भार ब्रेकवर टाकतात. अशा वेळी वाटते की पहिल्या दोन वर्षांत माणसाने गिअर मागणारीच गाडी चालवावी.

गॅरेजवाले काका :

मी 30 वर्षे दुरुस्तीच्या कामात आहे आणि आपली सर्वांची चर्चा आवडीने वाचली. दोन गाड्यांची तुलना करताना त्या दोन्ही नीट अवस्थेत होत्या का, हे आधी पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चार-पाच गाड्यांची साखळी नको इतकी सैल असते. सैल साखळीत मूठ उघडल्यावर आधी ढील भरून निघते आणि मग गाडी पुढे सरकते. ज्या झटक्यामुळे हेल्मेट आपटते, तो पुष्कळदा इंजिनाचा नसून त्या ढिलाईचा असतो. सह्यवाटांनी मित्राला एवढे करायला सांगावे की गाडी मुख्य स्टँडवर किंवा मागच्या स्टँडवर घेऊन, चाक हळूहळू फिरवत, साखळीची खालची बाजू बोटाने वर-खाली करून पाहावी. साखळी सगळीकडे सारखी ताणलेली नसते. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती सापडली तर ती साखळी संपली, नुसती ओढून घेऊन उपयोग नाही.

दुसरे, घाटातच जास्त फिरणाऱ्याला पुढचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चक्र) एका दाताने कमी करता येते. 15 चे 14 केले की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ सुमारे 7 टक्के वाढते. त्याच हिशेबाने महामार्गावर इंजिन 7 टक्के जास्त फिरते, हाताला थरथर जाणवते आणि पेट्रोल थोडे अधिक लागते. सगळे एकाच गाडीत मिळत नाही.

आणि एक विनंती. मध्यम गाडी म्हटले की आपण तिघेही 400 च्या आसपासचे आणि त्यावरचेच बोलता. माझ्याकडे येणाऱ्यांत सर्वाधिक गाड्या 350 सीसीच्या आहेत. क्लासिक 350 ला 20 पीएस आणि 4000 आरपीएमला 27 एनएम मिळतात, होंडा सीबी 350 ला 3000 आरपीएमलाच सुमारे 30 एनएम. या गाड्यांवर कुंभार्लीत त्या ट्रकच्या पुढे जाण्याचा विचारच वेगळा करावा लागतो. जागा दिसली तरी ती पुरेल का, हे स्वतःला दोनदा विचारावे लागते.

पावसाळी वाट :

काका, साखळीची तपासणी आजच केली. एका जागी खरेच ताठ लागते आहे.

सह्यवाट :

काकांचे सांगणे मित्राला कळवले. त्याची साखळी 22,000 किलोमीटर चाललेली आहे आणि अंगठ्याने दाबल्यावर स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) लागते. म्हणजे माझा मूळ प्रसंग तुलनेसाठी निर्दोष नव्हता, हे मान्य करावेच लागेल.

तरीही मत पूर्ण सोडत नाही. नवी साखळी बसल्यावर आम्ही दोघे पुन्हा त्याच घाटाने येणार आहोत, या वेळी चाकणकर साहेबांच्या पद्धतीने, गिअर आधी टाकून. वर हेळवाकला पोहोचल्यावर दोन्ही पत्नींना विचारू की हेल्मेट किती वेळा आपटले. माझ्या दृष्टीने तोच आकडा निर्णायक राहील.

चाकणकर :

अवश्य करा. फक्त एकदा गाड्या अदलाबदल करूनही तोच घाट चढा. आपल्या हातात ड्यूक आणि मित्राच्या हातात इंटरसेप्टर आल्यावर हेल्मेट कोणाचे आपटते, तेही इथे लिहा.