विषय: मिरवणुकीच्या वृत्तांताची चित्रफीत कापणे व रूपांतरित करणे

सर्व सदस्यांना सस्नेह नमस्कार.

आपल्या गणेशोत्सवाच्या मिरवणुकीवर स्थानिक वाहिनीने दाखवलेला सात मिनिटांचा वृत्तांत मी घरच्या अँटेना आणि ट्यूनरच्या साहाय्याने संगणकावर रेकॉर्ड केला आहे. त्या संपूर्ण तासाची फाइल जवळजवळ ६ जीबीची आहे. एका संकेतस्थळावर ती रात्रभर चढवून तिचे एमपी-४ करून घेतले आणि नंतर दुसऱ्या प्रोग्रॅमने त्यातला आपला भाग कापला. आता सुरुवातीचे तीन-चार सेकंद ताशाचा कडकडाट ऐकू येतो, पण पडदा काळाच राहतो. शिवाय ढोलवादकांच्या हातांभोवती आडव्या रेघा दिसतात. दिवाळीच्या कार्यक्रमात ही फीत दाखवायची आहे आणि पुण्याला आजी-आजोबांनाही पाठवायची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सचिव, सांस्कृतिक समिती

---

सचिव महोदया, सप्रेम नमस्कार.

ट्यूनरने रेकॉर्ड केलेली मूळची टीएस फाइल आपण पुसून टाकलेली नसेल, अशी आशा आहे, कारण आता पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागेल. आपण आधी रूपांतर केले आणि नंतर कापले. क्रम नेमका उलटा हवा होता.

अमेरिकेत अँटेनावर येणाऱ्या प्रक्षेपणात चित्र साधारणपणे एमपेग-२ पद्धतीने साठवलेले असते. त्यात अर्ध्या-एक सेकंदाला एखादेच चित्र पूर्ण असते आणि मधल्या चित्रांत केवळ 'आधीच्यापेक्षा काय बदलले' एवढीच नोंद असते. पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे चित्र नव्याने सांकेतिक रूपात न साठवता, कापायचे असेल, तर कात्री या पूर्ण चित्रावरच, म्हणजे कीफ्रेमवर, चालवावी लागते. मूळ फाइलमध्ये अशी जागा जवळच सापडते, पण एमपी-४ साठी एच.२६४ पद्धत वापरली की दोन कीफ्रेममधले अंतर सहज आठ सेकंदांपर्यंत वाढू शकते. आपली कात्री अशाच दोन कीफ्रेमच्या मधोमध पडली. ध्वनीला कीफ्रेमची गरज नसल्यामुळे ताशा वाजू लागला आणि चित्र मात्र पुढच्या कीफ्रेमची वाट पाहत बसले.

कापण्यासाठी मी एव्हिडेमक्स हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरतो. चित्र आणि ध्वनी या दोन्हींसमोर 'कॉपी' हाच पर्याय राहू द्यावा. वर-खालच्या बाणांच्या कळांनी एका कीफ्रेमवरून दुसऱ्या कीफ्रेमवर जाता येते. पहिल्या ठोक्याच्या किंचित अलीकडच्या कीफ्रेमवर 'ए' खूण आणि वृत्तांत संपतो तिथे 'बी' खूण करून फाइल जतन केली, की फक्त मधला भाग वेगळा होतो. शेवटाच्या खुणेला कीफ्रेमचे बंधन नाही. नव्याने एन्कोड होत नसल्यामुळे हे काम मिनिटाच्या आत उरकते आणि चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही. हा तुकडा साधारण ७०० एमबीचा होईल. तीच आपली मूळ प्रत समजून मंडळाच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवावी.

आता त्या रेघा. आपली वाहिनी १०८०आय प्रकारात प्रक्षेपण करत असावी. यात सेकंदाला सुमारे ६० अर्धी चित्रे येतात, एकदा विषम ओळींचे आणि एकदा सम ओळींचे. दोन अर्ध्या चित्रांमधल्या वेळात टिपरू पुढे सरकलेले असते. ती दोन्ही चित्रे एकत्र विणली की टिपरूच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा उमटतात. स्थिर उभ्या असलेल्या निवेदिकेच्या चेहऱ्यावर त्या दिसणार नाहीत, हे आपण स्वतः पडताळून पाहू शकता. कापलेला तुकडा हँडब्रेक या रूपांतराच्या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये उघडून डीइंटरलेससाठी, म्हणजे या रेघा काढण्यासाठी, 'याडिफ' आणि त्यात 'बॉब' हे पर्याय निवडावेत. मग प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक पूर्ण चित्र तयार होते आणि ढोलाची लय डोळ्यांनाही अखंड वाटते. गुणवत्तेचा आरएफ आकडा २१ च्या आसपास ठेवावा. तो जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. ध्वनी एएसी स्टिरिओमध्ये घ्यावा, कारण प्रक्षेपणातला एसी-३ ध्वनी काही फोनवर वाजत नाही.

पुण्यासाठी वेगळी 'पाल' (भारतातल्या जुन्या टीव्ही पद्धतीची) प्रत करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो नम्रपणे नाकारावा. व्हीएचएसच्या काळात त्यासाठी दुकानदाराला पैसे मोजावे लागत, पण फोनला सेकंदाला २५ चित्रे असोत की ६०, काही फरक पडत नाही.

एक बाब मात्र महत्त्वाची आहे. घरी नंतर पाहण्यासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली मान्यता दिली. सभागृहात ते दाखवणे हा वेगळा विषय आहे. त्यासाठी वाहिनीला एक ईमेल पाठवून लेखी परवानगी घ्यावी.

आपला,
मंडळाचा एक जुना सदस्य

---

सप्रेम नमस्कार.

मूळ फाइल सुदैवाने शिल्लक होती. सांगितल्याप्रमाणे केले; पहिल्या ठोक्याबरोबरच चित्र दिसते आणि टिपरू स्वच्छ दिसतात. शेवटाला मोटारीच्या जाहिरातीची झलक राहून गेली होती, म्हणून 'बी' खूण थोडी अलीकडे घेऊन तुकडा पुन्हा जतन केला. हँडब्रेकला मात्र माझ्या जुन्या लॅपटॉपवर पाऊण तास लागला. अंतिम फाइल ३१० एमबीची झाली आहे. वाहिनीला आज सकाळी ईमेल पाठवले असून, उत्तर येईपर्यंत दिवाळीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या सात मिनिटांची जागा मोकळी ठेवली आहे.

सचिव, सांस्कृतिक समिती